उजवा हात रिकामा

यादीत ती एकशे चौदावी.
आधी तांब्याची पातेली, मग बंद पडलेला बॅरोमीटर,
आणि मग ती :
ओतीव ब्राँझ, उंची एकसष्ट सेंटिमीटर,
स्त्री, उभी, डाव्या हातात आरसा.
वाल्बेर सांगत जातात, मी लिहीत जाते.

मूलँपासून बारा किलोमीटरवर हे घर.
आलिये नदीचं धुकं
दुपार झाली तरी खिडक्या सोडत नाही.
घराची आता एकच वारस, आर्मेल :
चिखलाचे बूट दारात काढून
नुसत्या मोज्यांनी फरशीवर उभी.

"हिला आम्ही नटवी म्हणायचो," ती सांगते.
"ओनोरीन आत्या रोज रात्री
हिचं तोंड भिंतीकडे करायची.
घरात तीन वाढत्या मुली,
आरशात बघत बसणारीचं वळण नको लागायला.
सकाळी परत फिरवायची.
पाहुण्यांनी काय पाठ बघायची?"

खरंच, कमरेपाशी,
जिथे दोन तळवे बसतात,
तिथला काळपट थर गेलाय;
आतला पिवळाधमक धातू उघडा पडलाय.
चाळीस वर्षं, रोज दोनदा
कुणी कुणाला असं धरलं असतं
तर गाव काहीबाही बोललं असतं.
हे यादीत लिहीत नाही.
लिहिते : कमरेशी झीज.

वाल्बेर डोळ्याला भिंग लावतात,
तिच्या उजव्या मुठीत करंगळी घालून बघतात.
मूठ पोकळ. आत एक भोक, आटे असलेलं.
"इथे साप होता.
ही नटवी नाही हो, बाई. हा विवेक आहे.
आरसा तोंड बघायला नाही,
पाठीमागे काय आहे ते दिसायला."

मागचापुढचा विचार.
आपण नुसतं म्हणतो,
कुणीतरी तो ओतून ठेवला होता :
डोळे पुढे, आरसा मागे,
आणि चिमटीत साप, सावधपणाचा.

आर्मेल हसते. हसू लांबतं, मग नको तितकं लांबतं.
"मधली सिदोनी
एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेली.
आत्या फाटकापर्यंतसुद्धा गेली नाही.
म्हणाली, मागे वळून बघायची आपल्यात रीत नाही."
नाक पुसते. बाहीला.
"आणि साप म्हणालात?"

तशीच मोज्यांनी अंगणात.
आम्ही तिच्यामागे, वाल्बेर टाचा उचलत.
सशांच्या खुराड्याच्या दाराला
खिळ्यावर अडकवलेला, शेवाळी हिरवा,
वीतभर लांब :
फणा घासून बोथट,
शेपटीला अजून आटे.

"माझ्या जन्माच्या आधीपासून कडी म्हणून हाच.
वडिलांनी लावला असेल. किंवा त्यांच्याही आधी कुणी."

वाल्बेरांचा आवाज बदलतो.
सापासकट किंमत दुप्पट,
कदाचित दुपटीच्याही वर,
क्लेरमाँचा एक संग्राहक तर
उद्याच गाडी पाठवेल.
आर्मेल खुराड्यात वाकते.
करडी मादी पोटाचे केस उपटून
कोपऱ्यात अंथरूण करतेय.
आज-उद्यात विणार.

"तार लावा तिथे," वाल्बेर म्हणतात. "सुतळी लावा."
"सुतळी कोल्हा चावतो.
परवाच मागच्या शेतात दिसला.
पिल्लं मोठी झाली की बघू."
आणि दार ओढून
ती साप पुन्हा खिळ्यावर चढवते,
न बघता, सवयीने.

वाल्बेर गाडीत जाऊन बसतात, रागाने काच वर करतात.
मी बॉनेटवर वही टेकवून नोंद पुरी करते :
उजवा हात रिकामा. साप गहाळ.
गहाळ खोडते.
साप जागेवर नाही. तेही खोडते.
शेवटी नुसतं : उजवा हात रिकामा.
अंदाजे किंमत निम्मी.
यादीत कोल्ह्यासाठी रकाना नसतो.

मग तिला आणायला परत आत जाते.
आर्मेल दिवा लावत नाही.
मी तिला कमरेत धरून उचलते.
वजन वाटलं होतं त्याहून जास्त.
तळवे
बरोबर बसतात.